उंबरठ्याचा ताळेबंद

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सव हा संस्थेच्या जीवनातील कृतार्थतेचा क्षण होय. देणगीदारांची नामावली, पायाभरणीची जुनी छायाचित्रे, दिवंगत विश्वस्तांचे स्मरण, जमाखर्चाची विवरणपत्रे या साऱ्यांना स्मरणिकेत मानाचे स्थान मिळते आणि ते उचितच आहे. परंतु एक नोंद कोणत्याही संस्थेच्या ताळेबंदात आढळत नाही. दारापर्यंत आलेली किती माणसे आत येऊ न शकल्यामुळे परत गेली, याची ती नोंद. पायऱ्या चढवत नाहीत म्हणून प्रवचनास येणे सोडलेल्या आजी, चाकाच्या खुर्चीमुळे लग्नाच्या पंगतीपासून दूर राहिलेला तरुण, फलक वाचता येत नाही म्हणून सोबतीवाचून घराबाहेर न पडणारा अंध विद्यार्थी, यांची गणना कोणत्याच वहीत होत नाही. ज्याची नोंद नाही ते देणे नाही, असा सोयीस्कर समज मग रूढ होतो.

आजच्या विवेचनाचा विषय ही नोंद कशी ठेवावी हा आहे. सार्वजनिक वास्तू दिव्यांग व्यक्तींसाठी कितपत सुगम आहेत हे मोजावे कसे, गुण द्यावेत कसे आणि त्या गुणांचा अर्थ लावावा कसा, याचा विचार येथे करावयाचा आहे. सुगम्यता म्हणजे कोणी उचलून न नेता, स्वतःच्या बळावर, सुरक्षितपणे आणि सन्मानाने वास्तूत येता, वावरता व बाहेर पडता येणे. या व्याख्येतील ‘स्वतःच्या बळावर’ आणि ‘सन्मानाने’ हे दोन शब्द विसरले गेले की पुढचे सारे मोजमाप चुकते.

दोष माणसात की वास्तूत?

सांगली जिल्ह्याला या विषयाचा एक अभिमानास्पद इतिहास आहे. वाळवा तालुक्यातील पेठ येथे जन्मलेले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. सैन्यात मुष्टियोद्धा म्हणून नाव मिळवलेल्या या जवानाने पुढे जलतरणाची कास धरली. १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्तशैली शर्यत ३७.३३ सेकंदांत पूर्ण करून त्यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. याच जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये पॅरिस येथील पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटर अंतर गाठून रौप्यपदक पटकावले.

आता असे समजावे की एखाद्या पदकविजेत्याचा सत्कार ठरला आहे, तो चाकाच्या खुर्चीतून येतो आहे आणि सभागृहाच्या व्यासपीठाला पाच पायऱ्या आहेत. चार कार्यकर्ते पुढे होतात, त्याला खुर्चीसह उचलतात, टाळ्यांचा कडकडाट होतो, छायाचित्रे निघतात. उचलणाऱ्यांच्या मनात सेवाभाव असतो यात शंका नाही. उचलल्या जाणाऱ्याच्या मनात काय असते, याची मात्र विचारणा होत नाही. जगज्जेत्या खेळाडूला असहाय केले ते त्याच्या शरीराने नव्हे, तर त्या पाच पायऱ्यांनी. पाण्यात त्याला कोणाचाही आधार लागला नव्हता.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. यांत गुडघे झिजलेले वृद्ध, गरोदर स्त्रिया, पायाला प्लास्टर घातलेला तरुण, मोतीबिंदूने दृष्टी मंदावलेले आजोबा यांची गणना नाही. त्यांची भर घातली तर उताराची, कठड्याची आणि ठळक अक्षरांची गरज कधी ना कधी प्रत्येक घराला लागते, हे ध्यानी येईल.

कायदा काय सांगतो?

१९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींसाठी समान संधी व हक्कसंरक्षणाचा अधिनियम संमत केला. त्यात इमारती, रस्ते व वाहतूक यांचा उल्लेख होता. मात्र तो शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत बांधलेला होता. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने दिव्यांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि २००७ मध्ये भारताने त्यास अनुमोदन दिले. त्या कराराला अनुसरून दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ अस्तित्वात आला. पूर्वीच्या कायद्यातील मोजक्या प्रकारांऐवजी त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे.

धर्मादाय संस्थांनी या कायद्यातील सार्वजनिक इमारतीची व्याख्या आवर्जून वाचावी. सरकारी असो वा खासगी, जिचा वापर सर्वसामान्य जनता करते ती सार्वजनिक इमारत होय. आणि शाळा, रुग्णालय, कचेरी, बसस्थानक यांच्याबरोबरच व्यापारी, सांस्कृतिक व धार्मिक वापराच्या इमारतींचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजेच मंदिर, मंगल कार्यालय, धर्मशाळा, वसतिगृह, दवाखाना आणि बाजारपेठेतील दुकान या सर्वांना ही व्याख्या लागू पडते. नव्या इमारतीला सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय बांधकामाची परवानगी वा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे कलम ४४ सांगते. जुन्या इमारतींना नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. ते नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे सर्वसाधारण मुदत जून २०२२ मध्येच संपली. तरतुदींचा भंग केल्यास प्रथम दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकाने सुगम्यतेसाठी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. त्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने केंद्राच्या नियमावलीतील एक नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. तो नियम केवळ मार्गदर्शनाच्या भाषेत होता, बंधनाच्या नव्हे. सल्ला आणि बंधन यांतील फरक व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. सल्ल्याची हुंडी कधी वटत नाही.

मोजमापाची रीत

सामान्यतः तपासणी होते ती एका प्रश्नाने: रॅम्प आहे की नाही? उत्तर ‘आहे’ असे आले की कागदावर खूण होते. परंतु रॅम्प आहे म्हणजे काय? तो इतका उभा असू शकतो की चढताना खुर्ची मागे कलंडावी. त्याच्या तोंडाशी दुचाक्या लावलेल्या असू शकतात. तो मागील दाराशी असून त्या दाराची किल्ली गावी गेलेल्या रखवालदाराकडे असू शकते. म्हणून गुण देताना ‘आहे वा नाही’ यापेक्षा ‘वापरता येते का’ हे पाहावे लागते.

त्यासाठी सर्वांत सोपी रीत म्हणजे रस्त्यापासून आतपर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने तपासणे. पहिला टप्पा वाहनातून उतरण्याच्या जागेपासून प्रवेशद्वारापर्यंतचा. येथे उघडे गटार, खडी वा साखळी आडवी नसावी. दुसरा टप्पा जोत्याचा. उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी लागते. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट. उताराची रुंदी सुमारे चार फूट, पृष्ठभाग न घसरणारा आणि दोन्ही बाजूंस कठडा हवा. संगमरवराची चकाकी डोळ्यांना सुखावते, पण पावसाळ्यात तीच कुबडीचा घात करते.

तिसरा टप्पा दाराचा. दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट असावी. हाताचे बळ कमी असणाऱ्यास गोल मूठ फिरवता येत नाही, दांडीची मूठ कोपरानेही दाबता येते. चौथा टप्पा आतील वावराचा. चाकाची खुर्ची वळण्यास पाच फूट व्यासाची मोकळी जागा लागते. पावती फाडण्याचे टेबल अडीच फुटांहून फार उंच नसावे. पाचवा टप्पा जिन्याचा व लिफ्टचा. पायऱ्यांच्या कडांना ठळक रंगाची पट्टी असली तर मंद दृष्टीच्या माणसाचा तोल जात नाही.

सहावा टप्पा स्वच्छतागृहाचा. संकोचामुळे याविषयी कोणी बोलत नाही आणि म्हणूनच सर्वाधिक वास्तू येथे अनुत्तीर्ण होतात. दार तीन फूट, आत वळण्यापुरती जागा, कमोड आणि भिंतीला भक्कम दांडा एवढे असले तरी पुष्कळ झाले. ते नसेल तर अनेक स्त्रिया लग्नाला निघण्याआधी पाणी पिणे टाळतात. चार तासांच्या समारंभासाठी दिवसभर तहान सोसावी लागते, याची यजमानांना वार्ताही नसते.

सातवा टप्पा माहितीचा. अंध व्यक्तीसाठी स्पर्शाने कळणाऱ्या फरशा असतात. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये या फरशीची कल्पना साकारली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात ती प्रथम बसवण्यात आली. लांबट रेघा म्हणजे पुढे चालावे, गोल उंचवटे म्हणजे थांबून सावध व्हावे, एवढी तिची साधी लिपी आहे. कर्णबधिर व्यक्तीसाठी ध्वनिक्षेपकावरील सूचना फलकावरही लिहिलेली असावी. आणि आठवा टप्पा बाहेर पडण्याचा. आग लागली, वीज गेली, लिफ्ट बंद पडली, तर हीच व्यक्ती सुखरूप बाहेर कशी पडेल, याचे उत्तर तयार हवे.

सरासरी नको

येथे या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. आठ टप्प्यांना प्रत्येकी दहा गुण दिले आणि बेरीज करून सरासरी काढली, तर ती सरासरी फसवी ठरते. समजा एका सभागृहाला लिफ्टसाठी दहा, दारासाठी दहा, स्वच्छतागृहासाठी नऊ, अशी सातही टप्प्यांना उत्तम गुण मिळाले आणि जोत्याच्या तीन पायऱ्यांमुळे एका टप्प्याला शून्य. सरासरी आठाच्या पुढे जाईल आणि वास्तू उत्तम श्रेणीत बसेल. परंतु जो माणूस तिसऱ्या पायरीखालीच थांबला, त्याच्यासाठी वरची लिफ्ट असून नसल्यासारखी.

व्यापारात एका विभागाची तूट दुसऱ्या विभागाच्या नफ्यातून भरून निघते. सुगम्यतेच्या हिशेबात तशी वळती करता येत नाही. म्हणून वास्तूचा खरा दर्जा म्हणजे तिच्या सर्वांत दुबळ्या टप्प्याचा दर्जा. बादलीला भोक कोठे आहे हे पाहावे. बाकीचा पत्रा किती जाड आहे याला अर्थ नाही. शिवाय हा दर्जा प्रत्येक प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी वेगळा लिहावा लागतो. एकच वास्तू चाकाच्या खुर्चीसाठी उत्तम आणि अंधांसाठी निकृष्ट असू शकते.

जगात अशा मूल्यांकनाचे अनेक प्रयोग झाले आहेत. जर्मनीत २०१० मध्ये ‘व्हीलमॅप’ या नावाने एक नकाशा सुरू झाला. त्यात सामान्य नागरिकच दुकाने, उपाहारगृहे, ग्रंथालये यांना हिरवा, पिवळा वा तांबडा रंग देतात. हिरवा म्हणजे पूर्ण सुगम, पिवळा म्हणजे अंशतः, तांबडा म्हणजे अगम्य. आपल्याकडे ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियान सुरू झाले आणि निवडक शहरांतील सरकारी इमारतींची तपासणी हाती घेण्यात आली. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्याच वास्तूच्या तपासणीसाठी समिती नेमली आणि तेथे ये-जा करणाऱ्या दिव्यांग व्यक्तींकडून प्रश्नावलीद्वारे अनुभव मागवले. देशातील सर्वोच्च न्यायपीठाला स्वतःच्या पायऱ्या तपासून घेण्यात कमीपणा वाटला नाही, यात सर्व संस्थांना धडा आहे. दुसरा धडा असा की हिशेब तपासनीस त्रयस्थ असतो. येथे तो वापरकर्ताच हवा. ज्याला चढायचे आहे त्यानेच उताराला गुण द्यावेत.

दोन शहरे, दोन अडचणी

सातारा आणि सांगली यांच्या अडचणी एकसारख्या नाहीत. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतरणीवर वसले आहे. तेथे रस्ताच चढाचा. एकाच इमारतीच्या एका बाजूस रस्ता दाराच्या पातळीत, तर दुसऱ्या बाजूस पाच-सहा पायऱ्या असे घडू शकते. अशा ठिकाणी खर्च न करता केवळ सपाट बाजूचे दार मुख्य दार म्हणून खुले ठेवल्यास अर्धे काम होते.

सांगली सपाट आहे, परंतु तेथे कृष्णामाई आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी शहराला तडाखे दिले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळील पाणीपातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. साहजिकच पूरक्षेत्रात बांधकाम करणारा जोते उंच घेतो आणि उंच जोत्याबरोबर पायऱ्या येतात. पुरापासून बचावासाठी घेतलेली उंचीच मग बारमाही अडथळा होऊन बसते. यावर उपाय उतार व लिफ्ट यांचाच आहे, पण त्याची जागा नकाशातच राखावी लागते. आधी इमारत आणि मागाहून उतार असे केले की अठरा फुटांना जागा मिळत नाही आणि सहा फुटांत घसरगुंडी तयार होते.

पुराचा आणखी एक धडा आहे. पूर आला की शाळा, वसतिगृहे, मंगल कार्यालये हीच निवारास्थाने होतात. तेथे दिव्यांग व्यक्तीला जिना चढता आला नाही आणि स्वच्छतागृह वापरता आले नाही, तर निवारा कोणासाठी? जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवावी, असे २०१६ च्या अधिनियमाचे कलम ८ सांगते. निवारा देणाऱ्या संस्थांनीही आपल्या वास्तूची श्रेणी प्राधिकरणास आधीच कळवून ठेवली, तर मध्यरात्री पाणी चढत असताना कोणाला कोठे न्यावे हा घोळ होणार नाही.

आक्षेप आणि उत्तरे

‘अशी माणसे येतातच किती?’ हा आक्षेप सर्वत्र ऐकू येतो. येता येत नाही म्हणून ती येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणून सोय होत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत चाकाच्या खुर्चीचा वापर करणाऱ्या विराली मोदी या वधूला विवाहनोंदणीसाठी दोन मजले उचलून न्यावे लागले, कारण खार येथील कार्यालय लिफ्ट नसलेल्या इमारतीत वर होते. त्यांनी ते जाहीरपणे मांडले म्हणून राज्यभर चर्चा झाली. मुकाट्याने परत गेलेल्यांची गणती कोण करणार?

दुसरा आक्षेप मंदिराच्या पावित्र्याचा. बाहेर फिरलेली चाके गर्भगृहासमोर कशी न्यावीत, असे वडीलधारी मंडळी विचारतात. त्यांची भावना समजण्याजोगी आहे आणि तिचे उत्तरही परंपरेतच आहे. पूजेची वस्त्रे जशी वेगळी ठेवली जातात, तशी मंदिरापुरतीच एक स्वच्छ खुर्ची दाराशी ठेवावी. बाहेरची खुर्ची बाहेर राहील. पर्वतावरील तीर्थक्षेत्रांची गोष्ट वेगळी, तेथे डोलीची रीत पूर्वापार आहे. परंतु गावातील मंदिर पर्वतावर नाही. त्याच्या पायऱ्या माणसांनीच बांधल्या आहेत.

पाय दिला, वाटही द्यावी

कृत्रिम अवयवांच्या क्षेत्रात जैन समाजाचे कार्य मोठे आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षाच्या निमित्ताने १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि ‘जयपूर फूट’ लक्षावधी लोकांपर्यंत पोहोचला. गावोगावच्या संस्था अशी शिबिरे श्रद्धेने भरवतात. मात्र शिबिरात पाय मिळालेला माणूस पुढल्या रविवारी त्याच संस्थेच्या सभागृहात येऊ शकतो का, हे पाहिले जात नाही. पाय देणे हे दान आहे. त्या पायाने चालता येईल अशी वाट ठेवणे हे कर्तव्य आहे. दानाचा फलक लागतो, कर्तव्याचा लागत नाही, म्हणून ते मागे पडू नये.

या भूमीतील एका थोर पुरुषाचे स्मरण येथे उचित ठरेल. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले, वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक हे मूळ गाव असलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ पासून साताऱ्यात तिचा विस्तार केला. सर्व जातींची मुले एकाच वसतिगृहात, एकाच पंगतीत बसवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. त्या काळी दार बंद होते ते रूढीने. आज ते बंद आहे ते तीन पायऱ्यांनी. रूढी मोडण्यास एक आयुष्य लागले. तीन पायऱ्यांशेजारी उतार बांधण्यास गवंड्याचे काही दिवस पुरतात.

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने पुढील संकल्प करावा, ही नम्र सूचना आहे. समाजातील एक चाकाच्या खुर्चीचा वापर करणारी व्यक्ती, एक अंध, एक कर्णबधिर आणि एक ऐंशीच्या पुढचे ज्येष्ठ अशा चौघांना सन्मानाने पाचारण करावे. त्यांच्यासोबत फूटपट्टी घेऊन मंदिर, सभागृह, भोजनगृह व स्वच्छतागृह यांची तपासणी करावी. आठही टप्प्यांचे गुण मोठ्या अक्षरांत लिहून सूचनाफलकावर लावावेत. कमी पडले तर लपवू नयेत. प्रत्येक वार्षिक सर्वसाधारण सभेत जमाखर्चापाठोपाठ या गुणपत्रकाचेही वाचन व्हावे. समाजातील दुकानदारांनी आपापल्या दुकानाच्या पायरीपासून आरंभ करावा. ग्राहक ओट्याखाली उभा राहून वरचे कापड पाहत असेल, तर तो व्यवहार बरोबरीचा म्हणता येत नाही.

जीवांनी परस्परांना आधार व्हावे ही शिकवण या समाजाने जपली आहे. पाण्यातील सूक्ष्म जीवालाही इजा होऊ नये म्हणून जो समाज पाणी गाळून पितो, त्याच्या दारात माणूस अडखळू नये. पुढील पन्नास वर्षांनी शताब्दीची स्मरणिका निघेल, तेव्हा देणगीदारांच्या नामावलीशेजारी एक ओळ छापता यावी: या वास्तूच्या दारातून कोणीही परत गेले नाही. त्या ओळीसाठी आजपासून हिशेब ठेवावा लागेल.